कॉर्नवॉलची हद्द राखा

महोदय,

मतदारसंघ पुनर्रचनेची आपल्याकडची चर्चा बहुधा जागांच्या संख्येभोवतीच फिरते. म्हणून इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्याचे उदाहरण मांडतो. २०११च्या कायद्याने ब्रिटिश संसदेच्या जागा ६५०वरून ६००वर आणायचे ठरले. शिवाय मोजके अपवाद वगळता प्रत्येक मतदारसंघाची मतदारसंख्या सरासरीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त कमी-अधिक नसावी, अशी अट आली. या हिशेबात कॉर्नवॉलचे सहा मतदारसंघ बसेनात. मग टॅमर नदीपलीकडच्या शेजारच्या डेव्हन परगण्याचा भाग जोडून संयुक्त मतदारसंघ सुचवला गेला. स्वतःची भाषा आणि ओळख जपणाऱ्या कॉर्निश लोकांनी या ‘डेव्हनवॉल’ला कडाडून विरोध केला, आणि तो रास्तच होता. डेव्हनमधल्या बिडेफर्डच्या आणि कॉर्नवॉलमधल्या लॉन्सेस्टनच्या मतदारांनी एकच खासदार का वाटून घ्यावा?

२०२०मध्ये ६५० जागा कायम झाल्या, त्यामुळे २०२४ची निवडणूक कॉर्नवॉलने आपल्या हद्दीतल्या सहा जागांवरच लढवली. मात्र पाच टक्क्यांची अट तशीच आहे. आइल ऑफ वाइट बेटाला कायद्यानेच दोन स्वतंत्र जागा राखून दिल्या आहेत. तसे संरक्षण पुढच्या फेररचनेआधी कॉर्नवॉललाही मिळायला हवे.

– एक वाचक, सातारा