पीएच.डी. मिळाली, पण सापडलं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शहर पानावर 'अमुक यांना पीएच.डी. प्रदान' अशी छोटी चौकट अधूनमधून असतेच. पासपोर्ट आकाराचा फोटो, तीन ओळींचं प्रबंधाचं शीर्षक, मार्गदर्शकांचं नाव आणि मग अभिनंदन करणाऱ्यांची रांग: संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, विभागप्रमुख, मित्रपरिवार. इतकी वर्षं खपून त्या माणसाला सापडलं काय, हे त्यात कधीच नसतं. बातमीदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. ती प्रेसनोट बहुतेक वेळा संशोधकाने किंवा त्याच्या महाविद्यालयानेच लिहून धाडलेली असते. पुस्तक प्रकाशनाचंही तेच. व्यासपीठावरचे मान्यवर, प्रास्ताविक कुणी केलं, आभार कुणी मानले हे सगळं येतं आणि पुस्तकाच्या वाट्याला अर्धी ओळ उरते. 'काय सापडलं' याच्या दोन ओळी नसतील तर अशी प्रेसनोट परत पाठवायचा नियम तुम्ही केलात, तर पहिले दोन महिने शिव्या खाल. नंतर सगळे सुधारतील.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. उत्तम काम करणारी माणसं टेबलापलीकडे बसलेली पाहिली आणि पेपरवाल्याचा फोन आला की त्यांचा चेहरा पडलेलाही पाहिला. 'शब्द फिरवतात हो' हे ठरलेलं वाक्य. भीती अगदीच खोटी नाही, पण शब्द फिरायला जागा बहुतेकदा आपणच ठेवतो.

सोलापूरकरांच्या आठवणीतलं उदाहरण घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात आपल्याकडे ढगांवर कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. निवडलेल्या २७६ ढगांपैकी काहींत विमानातून कॅल्शियम क्लोराइड सोडलं (यालाच ढगांचं बीजन म्हणतात), काही मुद्दाम तसेच ठेवले आणि तुलना केली. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. बीजन केलेल्या जागेच्या पुढे, वाऱ्याच्या दिशेला, शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी १८ टक्के पाऊस जास्त आणि काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. चहाच्या गाड्यावर येईपर्यंत त्याचं झालं, 'विमान उडवलं की सोलापुरात १८ टक्के पाऊस वाढतो.' सांगोल्याचा शेतकरी मग साहजिकच विचारणार, विमान का उडवत नाही? यात कुणी खोटं बोललं नाही. आकडा पुढे गेला, त्याची अट मागे राहिली.

म्हणून संशोधकांना माझं सांगणं एवढंच की आकडा आणि अट एकाच वाक्यात बांधा. 'बीजनाजोगे ढग असतील तर, न पेरलेल्या ढगांच्या तुलनेत, पुढच्या शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी १८ टक्के जास्त. ढगच नसतील तर काहीच नाही.' वाक्य ऐकायला ओबडधोबड आहे, पण त्यातून आकडा एकटा उचलणं अवघड जातं. 'अर्थात याला काही मर्यादा आहेत' असं पुढचं सावध वाक्य जोडाल, तर पान लावताना पहिली कात्री त्यालाच लागते. शीर्षक बातमीदार देत नाही, डेस्कवरचा उपसंपादक देतो आणि रात्री त्याच्यासमोर तुम्ही नसता. तुमचं वाक्य तेवढं असतं.

केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. उद्या कुणी तिथल्या शास्त्रज्ञाला विचारलं, 'डाळिंबावरच्या तेल्या रोगावर औषध निघालं का?' आणि उत्तर आलं, 'एकात्मिक व्यवस्थापनाची गरज आहे', तर बातमीदार वहीत काय लिहिणार? 'एका फवारणीने तेल्या जात नाही. रोगट फांद्या छाटून जाळा, बागेला विश्रांती द्या, रोपं निरोगी बागेतलीच घ्या' असं सांगितलं तर ते जसंच्या तसं छापून येतं आणि शेतकरी कात्रण काढून ठेवतो. असं वाक्य फोनवर उभ्या उभ्या सुचत नाही, ते आधी कागदावर उतरवावं लागतं. धीर यायचा तो त्या कागदातून येतो. वक्तृत्व लागत नाही.

फोन संध्याकाळीच येतो, कारण पान रात्री लागतं. लगेच बोललंच पाहिजे असं नाही. विषय काय, आणखी कुणाशी बोललात, किती वाजेपर्यंत हवं, एवढं विचारावं, 'पंधरा मिनिटांत फोन करतो' म्हणावं आणि खरोखर करावा. (बहुतेक जण इथेच नापास होतात.) टीव्हीवाला असेल तर थेट आहे की रेकॉर्ड, हे आधी विचारा. त्यांना अर्ध्या मिनिटाची बाइट हवी असते. दहा मिनिटं बोललात तर त्यातलं कुठलं अर्धं मिनिट घ्यायचं ते तेच ठरवणार. आकडे आणि नावं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, फोनवर 'सोळा'चं 'साठ' होतं. बोलून झाल्यावर 'हे छापू नका' म्हणणं व्यर्थ, ते आधी ठरलं पाहिजे. सगळी बातमी दाखवा असा हट्ट धरू नये, पण 'माझ्या तोंडचं वाक्य तेवढं वाचून दाखवता का?' म्हटलं तर चांगला बातमीदार नाही म्हणत नाही. आणि 'हा माझा विषय नाही' म्हणायला लाजू नये. ढगांच्या अभ्यासकाने महापालिकेच्या पाणीपुरवठ्यावर मत दिलं की दोन्हीकडून फसतो.

आपल्या गावाची आणखी एक अडचण आहे, ती पुण्याच्या लोकांना कळायची नाही. इथे अनेकांच्या घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतात. कॅमेऱ्यासमोर मराठीत विभक्ती चुकेल म्हणून चांगले अभ्यासक मागे सरतात. अहो, ऐकणारेही सोलापूरचेच आहेत! 'काय बे' तेवढं टाळा, बाकी चालतं.

लेखकांना, विशेषतः स्थानिक इतिहासवाल्यांना, तर फोनची वाट पाहायचीही गरज नाही. १२ जानेवारी दरवर्षी येते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना १९३१ साली त्या दिवशी येरवड्यात फाशी झाली. त्या दिवशी पेपरात येणारा मजकूर गेल्या वर्षीचाच असतो, कारण आदल्या संध्याकाळी कुणीतरी जुनी फाइल उघडतो. १९३०च्या मार्शल लॉचे मूळ कागद चाळलेल्या माणसाने आठवडाभर आधी तीनशे शब्द आणि एक जुनं छायाचित्र पाठवलं, तर कोणता उपसंपादक नको म्हणेल? चीनमध्ये रुग्णसेवा केलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या १० ऑक्टोबरच्या जयंतीचंही असंच. वृत्तपत्राला निमित्त लागतं आणि तारखा कॅलेंडरवर छापलेल्याच आहेत.

एवढं करूनही चूक छापून येते, तेव्हा महाविद्यालयाच्या ग्रुपवर 'बिकाऊ मीडिया' लिहून काही होत नाही. त्याच दिवशी बातमीदाराला फोन करून कोणता आकडा चुकला आणि बरोबर कोणता, एवढंच सांगावं. तेवढ्याने भागलं नाही तर संपादकांना लेखी कळवावं. प्रेस कौन्सिलकडे जायचं झालं तरी आधी हेच करावं लागतं. तुमच्याकडेही एक मागणं आहे, संपादकमहाशय. बातमी पहिल्या पानावर चार कॉलमात आणि खुलासा आतल्या पानात निविदांच्या शेजारी, असं असेल तर पुढच्या वेळी तो संशोधक फोन उचलणार नाही. बातमी जिथे छापली त्याच पानावर, चष्मा न लावता वाचता येईल अशा अक्षरात खुलासा द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक
जुळे सोलापूर