निळ्या फलकापलीकडे

महोदय,

२०२४ मध्ये सिंदखेडराजात जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांच्या समाधीजवळच्या उत्खननात शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली आणि कॅमेरे तिकडे वळले. एरवी गर्दी १२ जानेवारीची, जिजाऊ जयंतीची. लोणारला तर लोक सरोवरासोबत सेल्फी काढतात आणि दैत्यसूदन मंदिराच्या भिंतींवरचं कोरीवकाम न बघताच परततात. दोष त्यांचा नाही. संरक्षित स्मारकाचा निळा फलक १९५८च्या कायद्याची आठवण करून देतो, नुकसान केल्यास शिक्षा काय तेही बजावतो. पण देवळात बघायचं काय, हे कोण सांगणार? पुरातत्त्व खात्याने गावातल्याच मुलामुलींना शिकवून मार्गदर्शक नेमावं. आणि रविवारी लोणार-सिंदखेडराजा अशी दर्शन एसटी सोडायला काय हरकत आहे?

– एक वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)