कणीचा डबा अजून माझ्याकडेच आहे

मावशी,

नातीला म्हणावं, जरा मोठ्याने वाच.

त्या शनिवारी आमच्याकडे अकरा माणसं जेवायला होती, त्यात आम्हाला तांदूळ विकणाऱ्या तुम्हीही. ताटातलं अन्न कुठून आलं, ते जेवता जेवताच बोलायचं, एवढाच बेत. सगळं इथलंच आहे, असं मी फुशारकीने सांगून ठेवलं होतं. ती फुशारकी आमटी वाढेपर्यंतच टिकली. हिंग निघालं अफगाणिस्तानचं. आपल्याकडे त्याची लागवड सुरू झाली ती 2020 मध्ये, हिमाचलातल्या लाहौलमध्ये. ते हाती यायलाही काही वर्षं लागतात. मिरची, बटाटा, टोमॅटो मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगिजांच्या काळात इकडे आलेले. बटाट्याच्या भाजीत आपली म्हणावी अशी हळद आणि कढीपत्ता तेवढा उरला. मंडळी जगाच्या नकाशावर हिंडायला लागली.

तुम्ही म्हणालात, "मिरची आमच्या बांधावर लागती की. कुठनं का आली आसंना."

मग भाताकडे वळलो. तो तुमच्याच शेतातला इंद्रायणी. त्याआधी तुम्ही स्वयंपाकघरात येऊन माझ्या पातेल्यातलं वाटीभर पाणी काढून टाकलंत, "नवा तांदूळ हाय, गिचका व्हईल" म्हणत. (झाला असता.) इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून 1987 मध्ये आलं, एवढं मी वाचून ठेवलं होतं. पुढचं सगळं तुमच्याकडून कळलं. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा पसरून रोपांची जागा भाजून घ्यायची, त्यावर रोप टाकायचं, भर पावसात चिखलणी, मग दिवसभर वाकून आवणी, म्हणजे रोपांची लावणी. संध्याकाळी पाठ सरळ होत नाही, हे तुम्ही हसत सांगितलंत. दिवाळीच्या सुमाराला कापणी, मग झोडणी, मग गिरणी.

शेजारच्या काकांनी विचारलं, "मग तुमच्याकडे रोज हाच सुगंधी भात?"

"आख्खा तांदूळ बाजाराला. कणी घरला."

त्यानंतर अर्धा तास कोणी हिंगाचं नाव काढलं नाही. गिरणीत दाण्याचे तुकडे होऊन कणी कशी पडते, तिला भाव किती कमी, मजुराला रोज किती द्यावा लागतो, सगळे तुम्हालाच विचारत होते. तुमचं ताट मात्र गार झालं, त्याबद्दल माफी.

आणखी एक. आदल्याच आठवड्यात मी तुमच्याशी किलोमागे पाच रुपयांसाठी घासाघीस केली होती. त्या पंगतीत तुम्ही तो विषय काढला नाहीत. त्याचे आभार वेगळे.

निघताना तुम्ही कणीचा डबा ठेवून गेलात. दोनदा पेज केली, एकदा उकडून ताकाबरोबर खाल्ली. डबा रिकामा परत करायचा नाही, हे आईने शिकवलंय, म्हणून शेंगदाण्याचे लाडू वळून ठेवलेत. रविवारी बाजारात घेऊन येते.

शेंगदाणे कुठले, तेवढं मात्र विचारू नका.

तुमची,
कोपऱ्यावरच्या इमारतीतली ताई