चिकटपट्टी न सोसणाऱ्या मुलांसाठी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खरचटलेल्या जागी चिकटपट्टी लावणे इतके सवयीचे आहे की, तीच पट्टी एखाद्या मुलाच्या त्वचेला सोसत नाही, हे पुष्कळांना पटत नाही. परदेशात राहणाऱ्या पालकांना हे अधिक जड जाते. तेथे मुलाचा पूर्वेतिहास ठाऊक असलेले डॉक्टर नसतात, आणि शाळेत किंवा लस टोचल्यावर पट्टी लावणाऱ्या परिचारिकेला परक्या भाषेत घाईघाईने सारे समजावावे लागते. माझी मुलगी या त्रासातून जात असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

पट्टीखालची प्रत्येक लाली म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. पट्टी ओढून काढताना त्वचेचा वरचा थर निघाल्याने किंवा खाली घाम साचल्याने होणारी आग बहुधा पट्टीच्या आकारापुरतीच राहते आणि लवकर शमते. खरी स्पर्शजन्य अ‍ॅलर्जी मात्र साधारणतः एक ते तीन दिवसांनी उमटते. तिच्यात खाज तीव्र असते, बारीक फोड येतात आणि पुरळ पट्टीच्या कडेबाहेरही पसरू शकते. तिच्यामागे चिकटद्रव्यातील अ‍ॅक्रिलेट, झाडाच्या राळेपासून मिळणारे कोलोफनी किंवा रबरातील रसायने असू शकतात. कित्येकदा तर पट्टी निर्दोष असते आणि तिच्याखाली लावलेल्या मलमातील निओमायसिन किंवा बॅसिट्रासिन हे प्रतिजैविक त्रासाचे मूळ ठरते, म्हणून मलमाची नळीही डॉक्टरांना दाखवावी. नेमका घटक शोधण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. पाठीवर लावलेले संशयित घटकांचे नमुने 48 तासांनी काढून त्या वेळी आणि पुढे एकदोन दिवसांनी पुन्हा त्वचा तपासली जाते. परक्या देशात यासाठी वेळ मिळवणे सोपे नसते, तरीही त्रास वारंवार होत असल्यास ही चाचणी टाळू नये, असे माझे ठाम मत आहे.

तोवर जखमेवर न चिकटणारे ड्रेसिंग ठेवून वरून गॉजची पट्टी गुंडाळणे उत्तम. चिकटवणे भागच असेल, तर सिलिकोनचे चिकटद्रव्य असलेली पट्टी त्वचेला कमी ओरबाडते. पट्टी काढताना कडेला थोडे तेल लावून, त्वचा बोटाने धरून, केसांच्या दिशेने हळूहळू सोडवावी. लॅटेक्सचा, म्हणजे काही पट्ट्यांत असणाऱ्या नैसर्गिक रबराचा, संपर्क झाल्यावर लगेच अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय करत न बसता तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.

त्रास झालेल्या जागेचे आणि पट्टीच्या पाकिटाचे छायाचित्र जपून ठेवावे. काय लावू नये आणि त्याऐवजी काय लावावे, याची त्या देशाच्या भाषेतील चिठ्ठी शाळेला द्यावी व तीच नोंद मुलाच्या वैद्यकीय कागदपत्रांत करून घ्यावी, कारण शस्त्रक्रियेच्या वेळीही ती लागते.

पट्टी बनवणाऱ्यांकडे मात्र एक मागणी आहे. पाकिटावर ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ (अ‍ॅलर्जीची शक्यता कमी असलेली) असे ठळक छापलेले असते, पण चिकटद्रव्यात काय आहे हे बहुधा छापलेले नसते. ज्या घटकाने मुलाचे अंग सोलवटते त्याचे नाव पाकिटावर वाचायला मिळणे हा पालकांचा हक्क आहे, आणि आपल्या वृत्तपत्राने तो लावून धरावा, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
परदेशस्थ वाचक