एकाच सुतावर

मुंबई

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनासाठी प्रत्येकानं आपल्या शैलीबद्दल आणि प्रेरणांबद्दल पानभर लिहून द्यायचं आहे. चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतेय. जे सुचतं ते सगळं तुम्हालाच सांगावंसं वाटतं, म्हणून आधी हे पत्र.

बाबा, पिठाच्या गिरणीचा तो बोर्ड आठवतो? मी तिसरीत असेन. पत्रा जेमतेम हातभर उंचीचा, आणि मालकाला नाव दोन्ही भाषांत हवं होतं. एरवी तुम्ही मराठीसाठी सूत वर मारायचात आणि कन्नडसाठी खाली. मराठी अक्षर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखं लोंबतं आणि कन्नड अक्षर पाटावर मांडी घालून बसतं, हे तुमचंच सांगणं. त्या दिवशी दोन सुतांना जागाच नव्हती. तुम्ही मला एक टोक धरायला लावलंत, निळीत बुडवलेलं सूत ताणलंत आणि मधोमध एकच फटका मारलात. त्या रेघेवर कन्नड बसवलंत, तिच्याच खाली मराठी टांगलंत. माझ्या बोटांची नीळ दुसऱ्या दिवशी शाळेतही तशीच होती.

माझी या वर्षाची सगळी चित्रं त्या एका रेघेची आहेत. पत्र्यावर मधोमध निळी रेघ, वर बसलेले आकार, खाली लोंबणारे. अक्षर एकही नाही, वाचता काहीच येत नाही. पण सीमेवरच्या आपल्या निपाणीच्या माणसाला ओळख पटेल असं मला वाटतं.

इथवर यायला वेळ लागला. पहिली दोन वर्षं जे बघेन त्याच्यासारखं करत होते. अबालाल रहिमान यांनी रंगवलेलं कोल्हापूरचं कोटीतीर्थ आणि रंकाळा पाहिला की पाणीच रंगवत बसायचं. हेब्बर यांची रेखाटनं पाहिली आणि महिनाभर टाक सोडला नाही. ते उडुपीकडचे, जे.जे.त शिकलेले. त्यांच्या रेषेत हात कुठं अडत नाही. ती रेषा गिरवता गिरवता एका रात्री लक्षात आलं, बाबा, की कन्नड ‘अ’ काढताना तुमचा ब्रश असाच न उचलता फिरतो. हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि कधी मोजलंच नव्हतं.

एक गोष्ट कबूल करायची आहे. पहिल्या वर्षी वर्गातल्या मुली विचारायच्या, वडील काय करतात, तेव्हा मी ‘बिझनेस’ म्हणायचे. मग एका तासाला सरांनी सांगितलं की चित्रकार हुसेन सुरुवातीला सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. सगळे आदरानं ऐकत होते आणि मी मान खाली घालून बसले होते. माझे बाबा बोर्ड रंगवतात, हे मला त्याआधी सांगता आलं नाही. मला माफ करा. आता विचारायच्या आधीच सांगते.

आई, तुझंही चित्रात आहे. पत्र्यावरचा मूळ रंग ट्यूबमधून निघालेला नाही. ओल्या फडक्यातून काढलेल्या तेंदूच्या पानाचा तो रंग, हिरवट आणि कडेला तांबूस. तो जमवायला आठवडा गेला. तू फर्मा ठेवून पान कापायचीस, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा, तोंड बंद, की सुपात पुढचं पान. दिवसाला हजार विड्या. मी शेजारी बसून बघायचे, एक विडी दुसरीसारखी नसायची. आता मी तोच आकार पुन्हा पुन्हा काढत जाते. मोजत नाही, पण पंचवीस झाले की हात थांबतो. पंचवीस विड्यांचा कट्टा पुरा झाल्यासारखा.

२०२४ मध्ये कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नडचा नियम आला तेव्हा मला वाटलं, बाबांना पुन्हा काम मिळेल. दुकानं फ्लेक्स छापून मोकळी झाली. मला त्याचं फार वाईट वाटतं. आणि परवा आई फोनवर म्हणाली, हात थरथरतो म्हणून आता बाबा उसाच्या ट्रॉल्यांचे नंबरही रंगवायला घेत नाहीत. बाबा, थरथरत्या हाताची रेषा मला हवी आहे. माझ्या एका पत्र्याची खालची बाजू मी मोकळी ठेवली आहे. तिथं तुम्ही लिहा, काय ते तुमचं तुम्ही ठरवा.

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसची दोन तिकिटं मी काढते, खालचे बर्थ मिळतील असं बघते. आईच्या खोकल्याचं औषध बरोबर घ्या. आणि ते सूत आणा. ट्रंकेत, खारीच्या केसांच्या ब्रशांचा डबा आहे ना, त्याच्या खाली असेल. चित्रांशेजारी खिळ्याला लावायचं आहे.

आई, ते धुऊ नकोस. नीळ राहू दे.

तुमची,
धाकटी