शेवट ठाऊक असताना पाहिलेला बाँड

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतले ‘नो टाइम टू डाय’ या नव्या बाँडपटाचे परीक्षण वाचले. हा बाँड हळवा झालाय, गॅजेट्स कमी झालीत, पूर्वीची मजा नाही, असा त्याचा एकूण सूर आहे. चित्रपट आवडला नाही तर नाही आवडला, त्याबद्दल भांडण नाही. पण ज्या मापाने तो मोजलाय, ते माप दुसऱ्याच बाँडचे आहे.

तो दुसरा बाँड मलाही प्रिय आहे. शाळकरी वयात वडिलांबरोबर ‘ऑक्टोपसी’ पाहिला होता. उदयपूरच्या रस्त्यावर रिक्षातून पळापळ, विजय अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंडांना झोडतोय आणि बघ्यांच्या माना सामना पाहावा तशा इकडून तिकडे! रॉजर मूर यांच्या बाँडला मागचा चित्रपट सहसा आठवत नसे आणि आठवायची गरजही नव्हती. डॅनियल क्रेगच्या बाँडला मात्र 2006च्या ‘कसिनो रोयाल’पासूनचे सगळे आठवते. क्रेगच्या या पाचव्या चित्रपटात तो इटलीतल्या मातेराला, ‘कसिनो रोयाल’मध्ये गमावलेल्या प्रेयसीच्या, वेस्परच्या कबरीपाशी जातो, चिठ्ठी जाळतो आणि पुढच्याच क्षणी स्फोट होतो. मागचे चार बाजूला ठेवून या प्रसंगाचे परीक्षण करायचे म्हणजे मालिकेचा शेवटचा भाग पाहून ‘ही बाई का रडते’ असे विचारण्यासारखे आहे.

त्याच मातेरात गाडी चालवताना बाँड आताच्या प्रेयसीला, मॅडेलिनला म्हणतो, आपल्याकडे हवा तेवढा वेळ आहे. परीक्षणात या वाक्याचा उल्लेखच नाही. 1969च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये लग्नाच्याच दिवशी बाँडच्या बायकोला गोळी लागते (इतक्या वर्षांनी हे सांगायला हरकत नसावी) आणि तिला मांडीवर घेऊन तो हेच म्हणतो. त्या चित्रपटातले लुई आर्मस्ट्राँग यांचे गाणेही त्याच शब्दांचे. 1971 साली शॉन कॉनरी बाँडच्या भूमिकेत परतले आणि त्या बायकोचा विषय मागे पडला. आता संगीतकार हान्स झिमर यांनी ती चाल पुन्हा वर काढली आहे. जुने ज्याला ठाऊक, त्याच्या पोटात तिथेच गोळा येतो.

माझ्या तर पोटात आधीपासूनच होता. देशात चित्रपट 30 सप्टेंबर 2021 रोजी लागला तेव्हा महाराष्ट्रातली चित्रपटगृहे कोरोनामुळे बंद होती. 22 ऑक्टोबरला ती निम्म्या आसनांवर उघडली, तोवर बंगळूरच्या भाच्याने फोनवर शेवट सांगून टाकला होता. चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. पण झाले ते बरेच झाले म्हणायचे. कीर्तनाला बसणाऱ्याला गोष्ट पाठच असते, बुवा कसे रंगवतात ते ऐकायला तो जातो. तसाच मी बसलो. धक्का बसणार नव्हता, तरीही शेवटच्या वीस मिनिटांत मास्क ओला झाला.

याचा अर्थ सगळे उत्तम आहे असे नाही. रामी मालेकचा खलनायक नुसता हळू आवाजात बोलतो. त्याला नेमके हवे काय, ते मला मध्यंतरानंतरही उमगले नाही. त्याची विषारी बाग छान, पण तिथे पोहोचेपर्यंत दम निघतो. 163 मिनिटे! क्रेगचाच ‘क्वांटम ऑफ सोलेस’ 106 मिनिटांत संपला होता, आणि तो फसला तो काही लांबीमुळे नाही. उलट क्यूबातली आना दे आर्मास, तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणावर आलेली ती गुप्तहेर पोरगी, जेमतेम दहा मिनिटे दिसते आणि जाताना आख्खा चित्रपट खिशात घालून जाते. तुमच्या परीक्षणात तिला अर्धी ओळ मिळाली.

राहता राहिला शेवट. तो मी या पत्रात कुठेही फोडलेला नाही. तुमच्या परीक्षणाने तो तिसऱ्याच ओळीत छापला, तेही इथली चित्रपटगृहे उघडून दोनच दिवस झाले असताना. भाच्याशी मी पुन्हा बोलू लागलोय. पुरवणीचे अजून ठरलेले नाही.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे