अकरा महिन्यांनंतर हातात काय?

महोदय,

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतील प्रशिक्षणार्थींच्या आंदोलनाची बातमी आली की चर्चा मुदतवाढीपाशी येऊन थांबते. बेकार तरुणांना कारखान्यात वा कार्यालयात कामाचे प्रशिक्षण आणि सरकारकडून विद्यावेतन देणारी ही योजना 2024 च्या जुलैत आली तेव्हा मुदत 6 महिन्यांची होती. पुढे 5 महिने वाढवून ती 11 केली. बारावी झालेल्याला महिना 6 हजार, आयटीआय वा पदविकाधारकाला 8 हजार, पदवीधराला 10 हजार. मुदत आणखी वाढवून फारसे काही साधेल असे वाटत नाही. माणूस गळतो तो पहिल्या दोन महिन्यांत, आणि टिकलेला रिकाम्या हाताने परततो तो शेवटच्या दोन महिन्यांतल्या हलगर्जीमुळे.

आधी सुरुवातीचे बघू. आमच्या सांगली जिल्ह्यात जत किंवा आटपाडीकडच्या मुलाला कुपवाड एमआयडीसीतली जागा दिली जाते. पहिली पाळी सकाळी सातची असेल, तर त्या वेळेला पोचणारी एसटी आहे का, हे जागा देताना कोणी पाहत नाही. एसटीच्या मासिक पासाला 20 दिवसांचे भाडे एकरकमी भरावे लागते, त्यावर 30 दिवस प्रवास होतो. ज्या घरात कित्येक महिने कमाई नाही तिथे ती एकरकमीच नसते. मग रोजचे तिकीट, पंधरवड्यात उसनवारी, आणि पहिले विद्यावेतन लांबले की येणे बंद. मालक म्हणतो, ‘यांना कामच करायचे नसते.’ पहिल्या महिन्याचा पास जिल्हा पातळीवरून काढून दिला, हवे तर नंतर हप्त्याने कापून घेतला, तर ही गळती बरीचशी थांबेल.

विद्यावेतन लांबण्याची कारणेही ठरलेली आहेत. एक म्हणजे आस्थापनेने हजेरी वेळेत ऑनलाइन भरलेली नसते. दुसरे जास्त चिवट. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झाले असे सगळे समजतात. प्रत्यक्षात आधारवर येणारे सरकारी पैसे एनपीसीआय या देशातील बँक-व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत जे खाते सर्वांत शेवटी जोडले गेले असेल त्यात जातात. मोबाइलच्या दुकानात सिमकार्डाबरोबर उघडून दिलेले पेमेंट बँकेचे खाते पुष्कळांच्या लक्षातही नसते, आणि पैसे तिकडे जमा होत राहतात. पोरगा इकडे पासबुक भरून आणतो, त्यात काहीच नाही. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकला की कोणत्या बँकेशी जोडणी आहे ते लगेच दिसते. रुजू होण्याच्या दिवशीच हे प्रत्येकाचे तपासून घ्यावे. बँक बदलायची असेल तर त्याच आठवड्यात अर्ज द्यावा.

आता कामाचे. चार वर्षांपूर्वी आयटीआयमधून टर्नर (लेथवर काम करणारा) झालेला मुलगा मधल्या काळात शेतात, टपरीवर, नाही तर घरीच असतो. त्याला आल्या दिवशी सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) उभे केले तर पहिला लॉट रिजेक्ट होणार हे ठरलेलेच. चूक यंत्रापाशी होत नाही, मोजण्यात होते. ड्रॉइंगवर 24.30 मिमी, अधिक-उणे 0.05 दिलेले आहे. 0.02 मिमीपर्यंत मोजणाऱ्या व्हर्नियर या मापकावर मुख्य पट्टी 24 दाखवते, चौदावी रेघ जुळते, म्हणजे माप 24.28. जॉब पास. पण जबडे मिटवून शून्याला शून्य जुळते का ते पाहिलेलेच नसते. शून्य-चूक अधिक 0.04 असेल तर खरे माप 24.24, म्हणजे रिजेक्ट. जबडे जोराने दाबले तर आणखी फरक. हे आठ दिवसांत परत हाताला बसते, मात्र ते आठ दिवस कोणी तरी द्यायला हवेत. रोज 20 जॉब मोजायचे, वहीत लिहायचे, निरीक्षकाने त्यातले 5 पुन्हा मोजून फरक दाखवायचा. याला पैसा लागत नाही, माणूस लागतो.

तो माणूसच योजनेत कुठे नाही. आस्थापनेतला फोरमन स्वतःच्या उत्पादनात अडकलेला, आणि रोजगार मार्गदर्शन केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना कागदांतून डोके वर काढता येत नाही. साधारण 25 प्रशिक्षणार्थींमागे एक मार्गदर्शक हवा. त्याने पहिल्या महिन्यात दर आठवड्याला कामाच्या जागी जाऊन दोघांशी वेगवेगळे बोलावे, उमेदवाराशी आणि फोरमनशी. आपल्याकडे निवृत्त शिल्पनिदेशकांची, म्हणजे आयटीआयत शिकवलेल्यांची, कमी नाही. त्यांना मानधन द्या.

ऑस्ट्रियात ग्रामाटनोयझिडल या गावी 2020 पासून वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्यांसाठी अशीच योजना राबवली गेली. 1930 च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडून अख्खे गाव बेकार झाले होते. नव्या योजनेत कामावर पाठवण्याआधी 8 आठवड्यांची तयारी होती आणि त्यानंतर पगारी काम, सरकारी मदतीवर. आपण तयारीचे आठवडे गाळून थेट हजेरीपटावर नाव चढवतो.

सरकारी कार्यालयांत, शाळांत, ग्रामपंचायतींत लावलेल्यांचा प्रश्न वेगळा. तिथे काम भरपूर मिळते, पण भरती परीक्षेतूनच होणार, त्यामुळे मुदत संपली की दार बंद. निदान त्यांच्या प्रमाणपत्रावर ‘प्रशिक्षण पूर्ण’ एवढे एक वाक्य न छापता काय येते ते लिहावे: मिनिटाला किती शब्द मराठी टंकलेखन, कोणती प्रणाली हाताळली, दाखल्यांचे किती अर्ज छाननी केले. मिरजेतल्या रुग्णालयाला किंवा मार्केट यार्डातल्या पेढीला तेच पाहायचे असते.

आता शेवटचे दोन महिने. इथे मालकांना आणि मुलांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. विद्यावेतनावर भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही. त्यामुळे याआधी कुठे पीएफ कापला गेला नसेल, तर अकरा महिने पूर्ण केलेला उमेदवार ईपीएफओच्या (भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) लेखी पहिल्यांदाच नोकरीला लागणारा ठरतो. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 या काळात रुजू होणाऱ्या अशा कामगाराला दोन हप्त्यांत मिळून 15 हजारांपर्यंत मिळतात, पहिला 6 महिन्यांनी, दुसरा 12 महिन्यांनी. दुसऱ्यासाठी आर्थिक साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. मालकाला प्रत्येक जादा माणसामागे पगारानुसार दरमहा 3 हजारांपर्यंत, दोन वर्षे, आणि कारखानदारीला चार वर्षे. अट अशी की 50 पेक्षा कमी कामगार असलेल्याने किमान 2 आणि त्याहून मोठ्याने किमान 5 जादा माणसे घेऊन 6 महिने टिकवली पाहिजेत. कुपवाडमधल्या छोट्या वर्कशॉपला दोन माणसे जड नाहीत. नवव्या महिन्यातच मार्गदर्शकाने मालकाबरोबर बसून हा हिशेब मांडावा आणि उमंग अ‍ॅपवर चेहरा पडताळून मुलाचा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) काढायचा हे दोघांनाही सांगून ठेवावे. अकरावा महिना संपल्यावर सांगायला गेले तर मुलगा गावी परतलेला असतो.

वयाची अट मात्र कोणी बोलत नाही. योजना 18 ते 35 साठी आहे. कारखाना बंद पडून बेचाळिसाव्या वर्षी घरी बसलेला फिटर, किंवा मुले मोठी झाल्यावर काम शोधणारी बाई, यांना ती लागूच नाही. दीर्घकाळ बेकार राहण्याचा धोका खरा त्यांनाच. रोजगार हमीचा पहिला प्रयोग 1965 साली वि. स. पागे यांनी याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापुरात केला. पुढे झालेल्या कायद्यात काम मागणारा प्रौढ असावा एवढेच बघितले गेले, वरची वयोमर्यादा घातली नाही. त्या जिल्ह्याने तरी ही अट उठवण्याचा ठराव करायला हरकत नसावी.

शेवटी एक मागणी जिल्हा प्रशासनाकडे. प्रत्येक आस्थापनेत किती रुजू झाले, पहिल्या 60 दिवसांत किती सोडून गेले आणि मुदत संपल्यावर कितीजण पगारी नोकरीत लागले, हे तीन आकडे दर तिमाहीला रोजगार केंद्राच्या फलकावर लावावेत. ज्या आस्थापनेत तिसरा आकडा सलग दोनदा शून्य, तिला पुढची तुकडी देऊ नये.

– एक निवृत्त शिल्पनिदेशक, मिरज